एकेचाळीस शुभेच्छुक आणि भरलेली डिस्क

स्क्रीनवर ‘मेमरी फुल’ची पाटी तिसऱ्यांदा आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चारला मिरवणूक होती आणि फ्लेक्सचा पत्ता नव्हता.

मी नळदुर्गात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फ्लेक्सवाल्या इरफानभाईंनी घाईनं बोलावलं होतं. दुकानात काशिनाथराव बसलेले. त्यांची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. त्यांच्या गावातली पहिलीच. गावानं फ्लेक्स लावायचं ठरवलं होतं.

“रॅम वाढवावी लागंल का?” इरफानभाईंनी विचारलं.

“आधी बघू तर द्या.”

रॅम म्हणजे कामाचा ओटा. ओटा भरला की आपण उरलेलं सामान खाली फरशीवर मांडतो. कॉम्प्युटरही तसंच हार्ड डिस्कची थोडी जागा रॅमसारखी वापरतो. ती व्हर्च्युअल मेमरी. इथं फरशीही भरलेली. शिवाय जिथं फट सापडेल तिथं फाइलचा एकेक तुकडा कोंबलेला, त्यामुळं एक फाइल वाचायला डिस्कभर हिंडायचं. हे तुकडे सलग लावण्याला डिफ्रॅग म्हणतात. त्याला मोकळी जागा लागते आणि वेळही. आमच्याकडं दोन्ही नव्हतं.

फाइल उघडली आणि मी कपाळाला हात लावला. इरफानभाई नवा फ्लेक्स नव्या फाइलमध्ये करतच नव्हते. जुनीच उघडायची, जुन्या शुभेच्छुकांचे फोटो लपवायचे, वर नवे चिकटवायचे. तालुक्यातली निम्मी पुढारी मंडळी आत दडलेली.

“हे पुसत का नाही?”

“कसं पुसू? आज रुसलेत, निवडणुकीला परत येतेत.”

त्या दडलेल्यांच्या वर आजचे एकेचाळीस शुभेच्छुक.

“नवी फाइल करा,” मी म्हणालो. “पण एवढे चेहरे परत कापून लावायचे तर संध्याकाळ होईल.”

इरफानभाईंनी यादी काशिनाथरावांपुढं धरली. “कुणाकुणाला गाळू, तुम्हीच सांगा.”

काशिनाथरावांनी यादी सावकाश वाचली.

“पोरगी दोन वर्सं पहाटं हायवेच्या कडंनं पळायची. म्या मागं सायकलवर. ह्यातलं एक माणूस कधी आलं न्हाय. वर आमालाच हसायचे. समदे काढा.”

“गाव बोलंल.”

“बोलू द्या.”

“बरं, तुमचा तरी फोटो लावतो.”

“नगं. म्या सायकलवर हुतो. पळाली ती.”

इरफानभाईंनी यादी बाजूला ठेवली. नवी फाइल, एक फोटो, खाली नाव. पाटी आली नाही. साडेतीनला फ्लेक्स टेम्पोत चढला.

रविवारी मी जुन्या फाइली दुसऱ्या डिस्कवर हलवल्या आणि डिफ्रॅग लावलं. मशीन सुधारलं. एकेचाळीस जण मात्र चिडले. चार दिवस इरफानभाईंचा फोन वाजत होता.

रॅम विकायची माझी संधी गेली. तेव्हापासून मशीन अडलं की जागा वाढवायच्या आधी आत फुकट कोण बसलंय ते बघतो.