कस्तुरीचं डोहाळजेवण

आष्ट्याच्या गुणमालाबाई मगदूम यांना दोन सुना. एक घरात राहते ती प्रीती. दुसरी रोज संध्याकाळी सातला टीव्हीत येते, ती कस्तुरी. लाडकी कोणती ते विचारू नका, सांगणाऱ्यालाच लाज वाटते.

'नांदते कस्तुरी' चालू होऊन चार वर्षं झाली. चार वर्षं ही बाई सासूचा छळ सोसते आहे, पण एका शब्दानं उलटून बोलत नाही. माणसं एका मालिकेपायी एवढी खुळी का होतात, असं शहाणेसुरते लोक विचारतात. गुणमालाबाईंकडं बघा म्हणजे कळेल. नवरा सुकुमार कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये. जैनाचं घर, म्हणून दिवस मावळायच्या आत डबा तिकडंच खाणार, घरी आला की आडवा. मुलगा जिनेंद्र मोबाईलमध्ये तोंड खुपसून. ठरल्या वेळेला घरात येऊन तोंडाकडं बघत बोलणारं माणूस एकच, कस्तुरी. बरं, ती काही मागत नाही आणि बटण दाबलं की गप्प बसते. अशी सून कुणाला नको हो?

तर गुणमालाबाईंनी 'कस्तुरी परिवार' काढला. कराडपासून मिरजेपर्यंतच्या तीनशे बायका एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आल्या. अध्यक्ष अर्थातच गुणमालाबाई. कस्तुरीच्या सासूनं तिला उपाशी ठेवलं तेव्हा निम्म्या ग्रुपनं उपास धरला होता. आता कस्तुरीला दिवस गेले. मग काय विचारता! मेळावा घ्यायचा आणि त्यात तिचं डोहाळजेवण करायचं, असा ठराव झाला. शूटिंग वाईला होतं, नटी यायला कबूल झाली. रविवार ठरला.

इकडं प्रीतीलाही दिवस होते. सातव्यात डोहाळजेवण करायचं, लगेच पहिलटकरणीनं माहेरी जायचं, आठवा लागला की प्रवास नको, हा घरचा रिवाज. कडेगावला तिची आई वाट बघून थकली होती.

प्रीती म्हणाली, "आत्ती, या रविवारी माझा सातवा संपतोय."

"व्हय गं, कळतंय की मला," सासूबाई म्हणाल्या. "पण कस्तुरीचं एकदा होऊ दे. त्या बिचारीला कोण हाय?"

प्रीतीला आई होती, भाऊ होता, नवरा होता, सासू होती. म्हणून तर तिचं राहिलं. ती कस्तुरीसाठी करंज्या लाटायला लागली. सात महिन्यांचं पोट सांभाळत तिनं दोनशे करंज्या तळल्या. त्या चांगल्या झाल्या तेव्हा गुणमालाबाईंनी ग्रुपवर फोटो टाकला, 'आमच्या कस्तुरीसाठी मी केलेल्या.'

रविवारी मंगल कार्यालय फुलून गेलं. झोपाळा सजला होता, मोगऱ्याचे दागिने ताटात होते, हिरवी साडी घडी मोडायची वाट बघत होती. चारला गाडी आली. नटी उतरली ती जीन्समध्ये, आणि पोट पाटासारखं सपाट.

"आगं बया!" कार्यालयात चिरका आवाज उठला. आवाज उपाध्यक्ष शालूबाईंचा. "प्वाट कुठं गेलं?"

"अहो मावशी, ती उशी असते," नटी हसली. "आणि शूटिंगमध्ये कस्तुरी मागच्याच आठवड्यात बाळंत झाली. तुम्हाला दिसायला अजून पंधरा दिवस आहेत."

"मुलगा का मुलगी?" जमलेल्या दीडशे बायका एकदम ओरडल्या.

"ते सांगायची मला बंदी आहे."

झालं! कुणी म्हणालं फसवलं, कुणी म्हणालं निदान उशी तरी आणायची. शालूबाई ओटीच्या तांदळानं भरलेलं सूप घेऊन उभ्या होत्या. "आता ह्यो ओटीचा नारळ मी कुणाच्या पदरात घालू?" गुणमालाबाईंना तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्यात प्रीती पाहुणीला पाणी घेऊन आली.

नटीनं तिच्याकडं पाहिलं, मग रिकाम्या झोपाळ्याकडं पाहिलं. "ताई, तुमचं झालं का डोहाळजेवण?"

"आवं, ती आमची सून," गुणमालाबाई घाईनं म्हणाल्या. "तिला आत लय कामं हायत."

"मी तिलाच विचारतेय," नटी म्हणाली.

प्रीती मान खाली घालून म्हणाली, "न्हाई झालं."

एवढ्या बायका, पण एकीचीही मान वर होईना. नटीनंच प्रीतीला हाताला धरून झोपाळ्यावर बसवलं, मोगरा माळला आणि ओटी भरली. फोटो भराभर निघाले. गुणमालाबाईही पदर सावरून फोटोत आल्या, अध्यक्षच त्या.

प्रीतीचा भाऊ सन्मती गाडी घेऊन दाराशी आलेलाच होता. तिनंच सकाळी फोन करून बोलावला होता. ओटी झाली नसती तरी ती जाणार होती. ती सासूच्या पाया पडली आणि म्हणाली, "आत्ती, भरलेल्या ओटीनं निघाले. करंज्या आत डब्यात हायत."

"आगं, पण दमानं जा की. सातची मालिका बघून..." गुणमालाबाईंच्या तोंडून निघून गेलं. प्रीती गाडीत बसली ती वळून न बघता.

सातला गुणमालाबाई दमून टीव्हीसमोर टेकल्या. घसा कोरडा पडला होता. "प्रीती, पाणी आण गं," सवयीनं त्यांनी हाक मारली. जिनेंद्रनं मोबाईलमधून मान वर केली नाही.

टीव्हीत मात्र कस्तुरी लगबगीनं पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि तिच्या सासूपुढं धरला. गुणमालाबाई नुसत्या बघत बसल्या.