उणिवांचा रकाना

खरं बोलून स्वतःचं नुकसान करून घेण्याची स्पर्धा हैदराबादेत भरली असती, तर माझ्या बायकोच्या मामांसमोर कुणी उतरलंच नसतं. मोजणी खात्यातली नोकरी संपली, पण त्यांची मोजणी काही सुटली नाही. बेगम बाजारात दुकानदार "एक नंबर माल आहे, साहेब" म्हणाला की मामा मूठभर तूरडाळ तळहातावर पसरून खडे मोजत आणि आकडा त्यालाच ऐकवत. आमच्या लग्नाच्या बोलणीत, मुलीकडचे असूनही, "पोरगी गुणी आहे, पण भाजी खारट करते" असं त्यांनी माझ्या वडिलांना सांगून टाकलं होतं. भाजी खारटच होते, पण ते असो.

मामांचा जीव अडकला होता मलकपेठेतल्या फुटबॉलच्या मैदानात. तरुणपणी ते तिथे अनवाणी खेळले होते. एकोणीसशे नव्वदनंतर शहरात जिकडेतिकडे दुकानांच्या चकचकीत इमारती उठू लागल्या, तशी मैदानाच्या मालकांचीही नियत फिरली. तेवढ्यात राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यासाठी शहरांकडून अर्ज मागवल्याची बातमी आली. सामना मिळाला तर मैदान ठेवू, नाहीतर विकू, असं मालकांनी सांगितलं. मामांनी अर्जाचं काम अंगावर घेतलं. महिनाभर ते फीत घेऊन मैदानावर रांगत होते. टाइप करायला मी होतो.

शेवटचा रकाना होता 'मैदानातील उणिवा'.

"मामा, इथं सगळे 'काही नाही' असंच लिहितात," मी म्हणालो.

"लिहू दे की. मोजून बी खोटं लिहायचं, तर मोजायचं कायकू? मियाँ, मैदानाला बी अब्रू असते."

आणि त्यांनी अकरा उणिवा सांगितल्या. उत्तरेच्या कोपऱ्यात पाणी साचतं. एका गोलचा खांब दोन बोटं कललाय. पाहुण्यांच्या संडासाला कडी नाही. घरी येऊन मी ती यादी बायकोला वाचून दाखवली, तेव्हा आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

स्पर्धेची समिती मैदान बघायला आलीच नाही. आलं ते पत्र. नकाराची कारणं म्हणून त्यात मामांच्याच अकरा ओळी होत्या. "हौ, बरोबर आहे," एवढंच ते म्हणाले. ज्या शहराला सामना मिळाला तिथे आदल्या दिवशी पाऊस झाला, आणि आमच्या टीव्हीवर चेंडू डबक्यात रुतून बसलेला दिसला. त्या शहरवाल्यांनी अर्जात काय लिहिलं होतं कोण जाणे, म्हणून मी संतापलो. मामा पुटपुटले, "पोरं घसरतील रे," आणि उठून गेले.

त्या उन्हाळ्यात मैदानाभोवती बांधकामाचे पत्रे लागले. दिलसुखनगरला जायचं झालं तर मामा मैदानावरचा रस्ता टाळून लांबून वळसा घालून जाऊ लागले. पुढे जाणंच थांबलं, आणि वर्षभरात मामाही गेले.

जन्मभर दुसऱ्याच्या कागदावर डोळे झाकून सही न करणाऱ्या मामांनी मी टाइप केलेल्या अर्जावर मात्र न वाचता सही केली होती. उणिवांच्या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं असतं, तर त्यांना कळलंही नसतं. पण त्या यादीपायी मैदान जाईल हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मला नुसती गंमत वाटत होती.