बुटांची तिसरी हाक

दोष मोठेबाबांचा. हे आधी सांगून टाकतो, मग निवांत चहा प्या. नाही तर शेवटी तुम्ही म्हणाल, पोरगंच भित्रं होतं. पोरगं भित्रं होतं, कबूल. पण त्या पोराला सांजच्या वेळी जंगलात एकटं कोणी धाडलं? माझ्या बाबांच्या थोरल्या भावानं! वय साठ, गुडघे गेलेले, जीभ मात्र ठणठणीत.

मोठेबाबांना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, गोंडपिपरीच्या बाजारात त्यांनी आजवर एकही वस्तू सांगितल्या भावात घेतली नाही. दोन, विहारात भूतप्रेताविरुद्ध भाषण करावं तर त्यांनीच. "भूत नाई, चकवा नाई! जे दिसते तो डोळ्याचा धोका!" असं माइकवर ठणकावून सांगायचे. आणि घरी आले की दार ओढून घेऊन आम्हा पोरांना हळूच म्हणायचे, "सांज झाली अन् जंगलात कोनी नावानं हाक मारली, तर ओ देऊ नका. दोन हाका सोडून द्याच्या. मानूस असन तर तिसरी मारते. ते असन तर तिसरी मारत नाई."

"ते म्हणजे कोन, मोठेबाबा?"

"ते म्हणजे ते!"

हे आमचे वडीलधारे! माइकवर एक, घरात दुसरं. असल्यांकडूनच शिकायचं तर फी कशाला भरा, म्हणून मी कॉलेज सोडलं. (दोन विषयांत नापास झालो होतो, हेही खरं. पण फीचा मुद्दा राहतोच.)

तर त्या हिवाळ्यात जंगल खात्याची गार्डांची भरती निघाली. चांद्याला जायचं, पंचवीस किलोमीटर चालून दाखवायचं, वेळेत पोचला तो पुढे. चालण्यात मला कोण हरवणार? पण पायात बूट पाहिजेत, असं कागदावर लिहिलेलं. आणि माझ्या पायात रबरी चप्पल, तिच्या पट्ट्याला सेफ्टी पिन.

मायनं धानकापणीच्या मजुरीतले साठ रुपये माझ्या हातावर ठेवले. म्हणाली, "बूट घे अन् नोकरी आन." आमच्या घरात तोवर सरकारी पगार कोणी पाहिला नव्हता.

भरतीच्या आधी तीन बाजार होते. पहिल्याच बाजारात मोठेबाबांसोबत गेलो आणि बूट दिसले.

बाजार जिथं संपतो तिथं एक चिंच आहे. तिच्याखाली एक वाळका माणूस बसला होता. पाल नाही, तराजू नाही, ओरडणं नाही. पुढ्यात गोणपाट, गोणपाटावर बूट. एकच जोड. मिलिटरीचे, काळे, घोट्याच्या वर येणारे, टाचेला लोखंडी नाल. आणि ठेवलेले कसे? आत कोणीतरी उभा आहे आणि घोट्यापासून वरचा तेवढा दिसत नाही, असे! दोन्ही टोकं माझ्याकडं.

"केवढ्याचे?"

"साठ."

माझा हात खिशात गेलाही होता. मोठेबाबांनी मनगट धरलं.

"कोनाचे होत बे हे?" त्यांनी विचारलं.

"तुमाले बूट पाह्यजे का मालक पाह्यजे?" तो माणूस मान वर न करता बोलला. आवाज असा, की विहिरीत तळाशी कोणी पुटपुटावं.

मोठेबाबांनी मला चहाच्या टपरीवर ओढत नेलं. "घाई करून राह्यला तू. आवडलं हे तोंडावर दिसू द्याचं नसते, गध्या. तीन बाजार हायेत. भाव कसा उतरते ते पाह्य फक्त."

आणि भाव त्यांनी कसा उतरवला? बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि टपरीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "त्या चिंचेखालचे बूट पाह्यले का? पोंभुर्ण्याकडं वाघानं मानूस नेला ना, त्याचे होत. मानूस गेला, बूट राह्यले."

"अरे बापा!" टपरीवाला म्हणाला.

मोठेबाबांनी माझ्याकडं पाहून डोळा मारला. दुसरा घोट घेतला. दोन घोटांच्या मधे जन्मलेलं खोटं, माझ्या डोळ्यांदेखत! हे ध्यानात ठेवा. मला माहीत होतं.

दुसऱ्या बाजारात चिंचेखाली गेलो तर गोणपाटाभोवती चहूकडून दहा पावलं जमीन रिकामी. बाया पोरांना ओढून पलीकडून जात होत्या. मधे तो माणूस आणि ते बूट. बूट पुन्हा माझ्याकडंच तोंड करून.

"पंचेचाळीस," तो आपणहून म्हणाला.

"मोठेबाबा, घेऊन टाकू," मी कुजबुजलो. "पायाले सवय तर कराव लागन ना!"

"तुले बूट पाह्यजे का सस्ते बूट पाह्यजे?"

"मले नोकरी पाह्यजे!"

"मंग गप राह्य."

तिसरा बाजार आला. भरती दोन दिवसांवर. टपरीवर टेकलो, तर टपरीवाला स्वतःच पुढं वाकला. "भाऊ, ते चिंचेखालचे बूट घेऊन राह्यले का? घेऊ नका. रात्री उठून चालतात म्हणते. आत पाय नाई, काई नाई. नुसतं टक, टक. ज्यानं भाव इचारला त्याच्या मागं जाते."

मोठेबाबांच्या हातातली बशी ओठाशी थांबली. आपणच सोडलेलं खोटं मिशा फुटून परत आलं आणि आपल्यालाच ओळख देईना, तर माणसाचं तोंड कसं होईल? तसं झालं. पण म्हातारा सावरला.

"आता त्याले वीस म्हटलं तरी देईन," मला म्हणाले.

चिंचेखाली उन्हं तिरपी झाली होती. लोक पालं सोडत होते. तो माणूस तसाच. त्यानं पस्तीस सांगितले, मोठेबाबांनी पंचवीस.

"नाई पुरत, भाऊ."

"तीन बाजार झाले. कोनी हात तरी लावला का?"

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "हात लावाले काऊन भेतात, तेच तर समजून नाई राह्यलं मले."

मी खाली पाहिलं. मोठेबाबांनी नाही पाहिलं. ते मला बाजूला घेऊन शास्त्र सांगू लागले: "आता उठाचं, पाठ दाखवाची अन् निघाचं. मागं पाह्यलं की दहा रुपये वाढले समज. तो हाक मारन. पहिल्या हाकेले पलटला तो बकरा. दुसरीले पलटला तोबी बकराच. तिसरीले पलटाचं."

मग त्याला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं, "चाल मिलिंद! मिलिंद, चाल घरी!" आणि स्वतः? स्वतः सडकेनं जाणाऱ्या एका बैलबंडीत चढून बसले. गुडघे दुखतात ना! "तू पायवाटेनं निघ. येते तो मागं. पैसे खिशातच हायेत ना तुह्या?"

निघालो. दहा पावलं. हाक नाही. मिरच्यांचे ढीग मागं पडले. हाक नाही. बांगड्यांचं पाल गेलं, बाजारच संपला, आणि सागाचं जंगल सुरू झालं. मागं पाहायची सोय नाही. मान आखडली. आता गेले बूट, असं म्हणून मी मोठेबाबांना मनात अशा शिव्या दिल्या, की त्या इथं लिहिता येत नाहीत.

तुम्ही हिवाळ्यात सागाच्या रानातून सांजेला चालला आहात का? पान पडतं तेव्हा कोणीतरी दमून खाली बसल्यासारखा आवाज होतो. एक इकडं बसतं. एक तिकडं. मग बराच वेळ कोणीच नाही. वानरं झाडांवर होती, पण गप्प. उजेड वाटेवर नव्हता, वर शेंड्यांना होता.

आणि मागून आलं.

टक.

मी थांबलो. ते थांबलं.

चाललो. टक. टक.

पावलांचा आवाज नाही हो! पाचोळा वाजत नाही, धूळ घासत नाही, माणूस चालल्याची काही खूणच नाही. नुसते बूट. लोखंडी नालांचे बूट. थांबलो की थांबतात, निघालो की निघतात.

मी स्वतःला समजावलं. मिलिंद, तू शिकलेला माणूस आहेस. हे खोटं दुसऱ्या घोटाच्या आत रचलेलं तू पाहिलं आहेस. चहा कोणत्या बशीत होता तेही तुला आठवतं. बशीचा काठ फुटलेला होता.

"मिलिंद..."

हळू. खोल. घाई नसलेली. आणि नावानं! त्या जंगलात माझं नाव कोणाला ठाऊक? मोठेबाबांनी अर्ध्या तासापूर्वी तेच नाव बाजारभर ओरडलं होतं, हे आठवायला डोकं जागेवर लागतं.

"मिलिंद... ओ..."

दुसरी.

मी उभा राहिलो. पाठ तिकडं, डोळे मिटलेले. बघा आता गंमत. बाजाराचा कायदा म्हणतो, तिसऱ्या हाकेला पलट. जंगलाचा कायदा म्हणतो, तिसरी आली तर माणूस. आमच्या मोठेबाबांचे दोन्ही कायदे जन्मात पहिल्यांदा एकमेकांशी जुळत होते. मला फक्त एक हाक पाहिजे होती. एक! मी वाट पाहिली. सागाचं एक पान खाली बसलं.

हाक आली नाही.

टक टक टक टक, जवळ, अगदी जवळ, आणि त्यासोबत भात्यासारखा श्वास. घर्रर्र. घर्रर्र.

डोक्याला सगळं माहीत होतं. पण पाय काही डोक्याला विचारून धावत नाहीत.

धावलो! झुडपांतून, वाट सोडून, नाल्याच्या बाजूनं. सेफ्टी पिन तुटली, चप्पल गेली. तोडलेल्या बांबूचा खुंट डाव्या तळव्यात घुसला आणि मी तो घेऊनच धावलो. मागून टक टक टक टक. शेवटी खिशातले पैसे काढले आणि मागं न पाहता फेकले. "घे! घे तुह्ये! मी भाव नाई केला, म्हाताऱ्यानं केला!"

भुताला पैसे देणारा मी पहिलाच असेन. तेही साठच्या साठ, एका रुपयाची घासाघीस न करता.

घरात येऊन पडलो. मायनं कंदील जवळ आणून खुंट ओढून काढला, हळद भरली. मोठेबाबा बंडीनं आधीच पोचले होते आणि भाकर खात होते. "बूट कुठी हायेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मी तोंड उघडणार, तोच अंगणात: टक. टक.

बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मी दाराकडं. आणि मोठेबाबा? विहारातल्या माइकचे मालक? ताट तसंच ठेवून धानाच्या कोठीमागं! त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, एका उडीत!

दार मायनं उघडलं.

तोच माणूस. अनवाणी. बूट लेसनं बांधून गळ्यात अडकवलेले, छातीवर एकमेकांवर आपटत होते. हातात चुरगळलेल्या नोटा.

"पोराचे पैसे पडले होते," तो म्हणाला आणि खाली बसून खोकत राहिला.

"पानी घ्या, भाऊ," माय म्हणाली.

पाणी पिऊन त्याला बोलायला बराच वेळ लागला. "मले दमा हाय, बाई. दोन हाका मारल्या. तिसरीले दम नाई पुरला. पोरगं थांबे, तं मीबी थांबून दम घेवो. मंग ते पळालेच लागलं. मले वाटलं, भाव करून राह्यलं. ते जसं पळे, तसे मी मनात पाच पाच कमी करो. नाल्यापाशी वीसवर आलो होतो. पन सांगाव कसं?"

"येवढ्या जंगलातून काऊन आले, भाऊ?"

"दवा संपली. तीन बाजार झाले, काई इकलं नाई."

"अन् बूट कोनाचे?" मायनं विचारलं.

"माह्या पोराचे. मिलिटरीत हाय तो. नवे भेटले म्हून जुने धाडले. इकून दवा घेजो म्हणे." मग माझ्या पायाकडं पाहून म्हणाला, "तुह्या मापाचेच हायेत, बाबू. तोबी तुह्याच येवढा हाय."

जिवंत पोरगा! आणि आम्ही त्याला दोन घोटांत वाघाच्या तोंडी देऊन मोकळे झालो होतो, तीन बाजार त्याच्या बापासमोर.

मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. मोठेबाबांनी तर पाहिजेच होतं. आणि ते बोललेही. कोठीमागून आवाज आला:

"पंधरा!"

मायनं कोठीकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्याच्या मुठीतले पैसे त्याच्याच मुठीत दाबले. त्यानं तोंडातून निघालेले वीस ठेवून घेतले, बाकीचे उंबऱ्यावर ठेवले आणि गेला. या वेळी बूट नव्हते, म्हणून जाताना त्याचा काहीच आवाज झाला नाही.

मोठेबाबा कोठीमागून भुसा झटकत बाहेर आले. "पाह्यलं? म्हटलं नव्हतं, मागं येते म्हून?"

सोमवारी डावा पाय सुजून बुटात गेला नाही. चांद्याला उजव्या पायात बूट आणि डाव्याला चिंध्या बांधून रांगेत उभा राहिलो, आणि तिसऱ्या किलोमीटरला रस्त्याच्या कडेला बसलो. बुटांवर चाळीस रुपये वाचवले आणि गार्डाची नोकरी गेली.