वंशावळीचे वार्षिक भाडे

माझा मामेभाऊ नाशिकचा तीर्थोपाध्याय. विधीसाठी येणाऱ्या घराण्यांच्या वंशावळी त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहिल्या जातात. यजमान गाव आणि आडनाव सांगतो, पूर्वजांची नावे वाचून घेतो, नव्या नावांची भर घालतो आणि खाली सही करतो.

वह्या जीर्ण झाल्या तेव्हा भावाने सगळी नावे संगणकावर घेतली. दीड वर्ष तो स्वतः टाइप करत होता. सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, हे त्याने मला विचारले. माझी सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या संपादकीय डेस्कवर झाली होती. दरवर्षी वर्गणी भरायची किंवा एकदाच विकत घ्यायचे, असे दोन पर्याय होते. मी पहिल्या वर्षाची किंमत पाहिली आणि वर्गणी सुचवली. ती थांबली तर काय होते, हे विचारले नाही. असा प्रश्न राहिलेली बातमी मी वार्ताहराकडे परत पाठवत असे.

गेल्या वर्षी सायखेड्याचे एक शेतकरी वडिलांची दशक्रिया आटोपून भावाकडे आले. मी तिथेच होतो. आजोबांच्या खाली वडिलांचे नाव लागलेले पान घेऊन येतो, असे ते आईला सांगून निघाले होते. भावाने फाइल उघडली. पाच पिढ्या पडद्यावर आल्या, पण सहावे नाव टाइप होईना. वर सूचना होती: वर्गणी संपली आहे, फाइल फक्त वाचता येईल.

पैसे भरायची तयारी होती. पण सॉफ्टवेअरचे खाते ते विकणाऱ्या गंगापूर रोडवरच्या दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. पासवर्ड त्याच्याकडे, दुकानाला सुट्टी आणि फोन बंद.

सगळे ऐकून शेतकरी म्हणाले,

"म्हंजे गुरुजी, आमचे बापजादे तुम्ही भाड्याच्या खोलीत ठेवले. आन् मालक कुलूप लावून गावाला गेला."

"दादाचा सल्ला," भाऊ माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला.

मग त्याने पडद्यावरचे पान छापून घेतले आणि आजोबांच्या खाली शाईने नाव लिहिले. शेतकऱ्यांनी सही केली, आईसाठी फोटो काढला आणि ते गेले.

दहा माणसांच्या कार्यालयाला वर्गणी परवडत असेल. त्याबद्दल तक्रार नाही. पण स्वतःच्या यंत्रावर, स्वतःच्या हाताने लिहिलेल्या मजकुरात एक अक्षर वाढवायला परक्याची परवानगी लागते, आणि ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही, याला मी व्यवहार म्हणत नाही. ही अडवणूक आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकानात गेलो. एकदाच विकत घ्यायचे सॉफ्टवेअर आता कोणी मागत नाही, असे दुकानदार म्हणाला. ते एकाच संगणकावर चालेल, नव्या सुधारणा मिळणार नाहीत, असेही त्याने बजावले. त्याचे म्हणणे खरे होते. वर्गणी संपली की फाइल अडते, हे त्याने आधी सांगितले नव्हते, हेही खरे.

"पणजोबांच्या नावात कसली सुधारणा होणार?" भावाने विचारले. त्याने एकदाच घ्यायचे सॉफ्टवेअर घेतले आणि खाते स्वतःच्या ईमेलवर उघडायला लावले.

जुनी फाइल त्यात उघडली आणि पहिले नवे नाव सायखेड्याच्या त्या शेतकऱ्यांच्या वडिलांचे लागले. नवे पान भावाने शेतकऱ्यांना फोनवर पाठवले. थोड्या वेळाने त्यांचाच फोन आला. आईने शाईचे पान देवघरात ठेवले आहे, आता बदलू नका, असे ते म्हणाले. मग त्यांनी विचारले, "किल्ली आता कोणाकडं हाय, गुरुजी?"

"माझ्याकडे," भाऊ म्हणाला.