सहा सत्कार आणि एक गाणं

बँड मोडला की वाद्यं विकता येतात. किस्से मात्र कुणी सेकंडहँडमध्येसुद्धा घेत नाही. ते आपल्याच घरात साठत जातात आणि चार माणसं जमली की बाहेर पडतात. आमच्या लाइव्ह अल्बमचे तर इतके साठलेत, की अल्बमपेक्षा तेच जास्त लोकांनी ऐकलेत!

आम्ही तिघं बारामतीचे. समीर गायचा आणि गिटार वाजवायचा. एरवी वडिलांच्या टू-व्हीलर रिपेरिंगच्या दुकानात. मिलिंद ड्रमवर, एमआयडीसीतल्या डेअरीत शिफ्ट करून यायचा. मी बेस गिटारवर. धंदा मंडप-साउंडचा. "स्पीकर ह्याचे नसते तर ह्याला बँडमधी घेतलाच नसता," हे मिलिंद दर कार्यक्रमाला माईकवरून जाहीर करायचा.

बँड म्हटलं की लोक एकच विचारायचे, "वरातीला येता का?"

एकदा गेलो. लोणी भापकरला. मिलिंदनं पहिला ठोका टाकला आणि घोडा नवरदेवासकट जो सुटला, तो थेट मोरगावात देवळापाशी थांबला! मागून वऱ्हाड ट्रॅक्टरनं. नवरीच्या मामानं आमच्यापुढं हात जोडले. "पाव्हणं, जेवून जावा. पण वाजवू नगा!"

घोडा थोडा कमी पळाला असेल. बाकी सगळं तंतोतंत.

* * *

समीरचे वडील, आम्हा सगळ्यांचे चाचा, आमच्या कार्यक्रमाला कधी आले नाहीत. आम्ही परत आलो की इंजिनातून मान वर न काढता विचारायचे, "पब्लिक होती का?"

"होती, अब्बा."

"लई?"

समीर गिटार भिंतीला टेकवायचा.

"मग पाना दे तेवढा."

गाणं कसं झालं, हे त्या माणसानं कधी विचारलं नाही. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दुकान चांगलं की वाईट हे मालकानं सांगायचं नसतं, बाहेर उभ्या राहिलेल्या गाड्या सांगतात.

* * *

मग समीरचा घसा बसला आणि उठेचना. पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं आणि म्हणाले, "गाठ काढावीच लागेल. बोलाल तुम्ही. गाण्याचं मी काही सांगत नाही."

येताना एसटीत समीर जेजुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "ऑपरेशनआधी आपली सातही गाणी रेकॉर्ड करायची."

"कर की स्टुडिओत, निवांत," मिलिंद म्हणाला.

"भिंतीपुढं गाऊ? माणसं पाहिजेत समोर. माणसांसकट आवाज आला पाहिजे. अब्बांना ऐकवायचंय."

आता बारामतीत आमच्यासाठी माणसं आणायची कुठून? पुढच्या स्टॉपपर्यंत तिघंही खिडकीबाहेर बघत होतो!

* * *

माणसं सापडली इंदापुरात. तिथले एक तात्या माझं जुनं गिऱ्हाईक. स्वतःचं लॉन्स, स्वतःची माणसं आणि स्वतःचाच वाढदिवस.

"जागा माझी, पब्लिक माझी, जेवान माझं. तुमी फकस्त वाजवा. आन् ते रेकाडिंग का काय, ते बी करा!"

गाडी करून गेलो, तर गेटवर फ्लेक्स. तात्या ट्रकएवढे. आम्ही कुठं? खाली, शुभेच्छुकांच्या यादीत! ज्या माणसाला समीर जन्मात भेटला नव्हता, त्याला तो दीर्घायुष्य चिंतत होता. फोटोत मिलिंद अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावर तात्यांच्या नातवाचा फुगा.

मिलिंद म्हणाला, "निदान फुगा तरी पूर्ण हाय."

* * *

माझी तयारी चोख. प्रत्येक माईक वेगळा रेकॉर्ड होणार. शिवाय दोन माईक उलटे, लोकांकडं तोंड करून. टाळ्या, शिट्ट्या, सगळं यायला हवं. खुर्च्या भरलेल्या. समीरनं ते बघितलं, डोळे मिटले आणि पहिलं गाणं उचललं. तो डोळे मिटूनच गायचा.

पहिल्याच कडव्यात निवेदक आले. रिटायर्ड गुरुजी, फेटाबिटा बांधलेले. त्यांच्यासाठी वेगळा माईक ठेवला होता. पण गुरुजींना गाणाऱ्याचाच लागतो!

"एक मिनिट, एक मिनिट! आपल्यामध्ये माननीय सरपंचसाहेबांचं आगमन झालेलं आहे. त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होईल. वादकांनी वाजवत राहावं, छान वाटतंय!"

पाव्हणा आला की शाल. दर गाण्यात एक पाव्हणा. चौथ्या गाण्याला मिलिंद शाल खांद्यावर पडताक्षणी झांज वाजवायला लागला. गुरुजी खूश. "ह्याला म्हणतात टायमिंग!"

सहाव्या गाण्यात समीर सूर लांबवत वर वर चालला होता. ती जागा घेताना त्याला दुखायचं, म्हणून वर्षभर त्यानं ती राखून ठेवली होती. नेमका तिथंच त्याच्या खांद्यावर शाल पडली. डोळे उघडले तर हातात नारळ! "आपल्या बारामतीच्या कलाकाराचा सत्कार खुद्द तात्यांच्या हस्ते!"

नारळ धरून गिटार कशी वाजवतात, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

* * *

सातवं गाणं संथ होतं. ते सुरू व्हायच्या आधी गुरुजींनी शेवटचा माईक घेतला. "जेवण तयार आहे. कुणीही जेवल्याशिवाय जाऊ नये!"

कुणीच गेलं नाही. म्हणजे घरी गेलं नाही. अख्खं लॉन्स मागच्या मांडवात गेलं. तात्या गेले. गुरुजीही गेले, म्हणून सत्कार थांबले.

समीर डोळे मिटून गात होता. वरची ती जागा इथंही होती. त्यानं ती घेतली. एवढ्या वर्षांत मी त्याच्या शेजारी उभा राहून असं ऐकलं नव्हतं. शेवटचा सूर विरत होता, तेवढ्यात समोर तात्यांचा एक गडी खुर्च्या गोळा करायला लागला, एकात एक घालत. खट्ट. खट्ट. मी त्याला मानेनं 'नको' म्हटलं. त्यानंही मला मानेनंच सांगितलं, 'काम हाय.'

गाणं संपलं. समीरनं डोळे उघडले.

मिलिंद काठ्या पिशवीत भरत म्हणाला, "चल. आमटी संपंल."

* * *

ऑपरेशन झालं. आवाज आला, पाना मागण्यापुरता आला. तशात आम्ही स्टुडिओत रेकॉर्डिंग ऐकायला बसलो. स्टुडिओवाला म्हणाला, "सहा गाण्यांत हे गुरुजी गाणाऱ्याच्याच माईकवर बोललेत. काढता येणार नाही."

मग लोकांकडं तोंड केलेले माईक लावले. टाळ्या होत्या, सगळ्या शालींच्या. मध्येच पुढच्या रांगेतला कुणी शेजाऱ्याला सांगत होता, "ह्यो लई वरडतोय रं. घसा जाईल ह्याचा."

समीर हसला. बिनआवाजाचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सातव्या गाण्यामागं शांतता होती आणि शेवटाला त्या खुर्च्या. मी म्हटलं, त्याच शालींच्या टाळ्या उचलून इथं चिकटवू, कुणाला कळतंय? समीरनं हातानं 'नको' केलं. खुर्च्याही काढू दिल्या नाहीत.

अल्बम निघाला. सहा सत्कार आणि एक गाणं.

* * *

दुकानात समीरनं ते गाणं चाचांना लावून दाखवलं. मी होतो तिथं. चाचांनी पहिल्यांदाच इंजिनातून मान वर काढली. गाणं संपलं. मागून खुर्च्या वाजायला लागल्या. खट्ट. खट्ट. खट्ट.

"ह्ये काय वाजतंय?"

समीरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "खुर्च्या, चाचा. गाणं झाल्यावर उचलतात त्या."

"एवढ्या?" चाचांनी हात पुसले. "म्हंजी पब्लिक लई होती की रं!"

समीरनं मान डोलावली.

"परत लाव."

परत लावलं. गाणं संपेपर्यंत चाचा स्टुलावर बसून होते. मग खुर्च्या वाजायला लागल्या, तसे ते पुढं वाकले, डोळे मिटले आणि काळ्या बोटांवर एकेक खुर्ची मोजायला लागले.