एकाच काट्याचं घड्याळ

आयुष्यात मी मूर्खपणा भरपूर केला, पण डायल गेजसारखं मापाचं हत्यार घड्याळजीकडे दुरुस्तीला नेणारी बाई अख्ख्या पनवेलमध्ये मी एकटीच असेन. वय एकोणीस, बी.ए.चं पहिलं वर्ष, म्हणजे जगातलं सगळं कळत होतं. दादाच्या मखमली डबीत मला एक बंद पडलेलं घड्याळ सापडलं. दुसऱ्या दिवशी त्याची कारखान्यात परीक्षा. म्हटलं, चालू करून देऊ... बहिणीची माया! घड्याळजी बिचारा म्हणाला, "ताई, याला काटा एकच आहे." मी म्हणाले, "मग सेकंदाचा असेल. तेल घाला." त्याने घातलं, अगदी सढळ हाताने.

दादा गेला त्याला आता पाच आठवडे झाले. सरकारी रायफल कारखान्यात तो लेथवर होता. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा कोरतात, तिला ते चेंबर म्हणत. नळीचं भोक आणि ही जागा एका रेषेत हवी. केसभर जरी सरकली तरी गोळी वाकडी शिरते आणि नळी भंगारात जाते. म्हणून आधी डायलचं टोक भोकात टेकवून नळी हाताने सावकाश फिरवायची. काटा हलला नाही की मध्य सापडला, मगच कोरायला घ्यायचं. आणि त्याच्याही आधी दादाची एक सवय होती. डायलचं टोक बोटाने तीनदा दाबायचं. तिन्ही वेळा काटा शून्यावर परत आला, तरच त्याच्यावर विश्वास.

परीक्षेच्या दिवशी तेलाने चिकटलेला काटा परत आला नाही. परीक्षेत दुसऱ्याचं हत्यार चालत नसे. शेजारचे खुणावत होते, अंदाजाने कापून टाक. दादा परीक्षकांना म्हणाला, "साहेब, मी नाही कापत," आणि बाहेर आला. चेंबरच्या खात्यात जायला त्याला आणखी एक वर्ष लागलं. घरी येऊन त्याने एवढंच विचारलं, "माझ्या डबीला कुणी हात लावला होता?" मी पुस्तकात डोकं खुपसून म्हणाले, "मांजराने लावला असेल." आमच्याकडे मांजर नव्हतं.

पुढे सांगायचं राहतच गेलं. आधी भीती, मग लाज, मग नुसतीच सवय...

निवृत्तीनंतर तो रोडपालीला राहायला आला. कळंबोलीच्या वर्कशॉपवाल्यांचं काही अडलं की त्याला बोलावणं यायचं. मी दर रविवारी त्याच्याकडे जायचे. शेवटच्या रविवारी तो पलंगावर पडून होता. उशाजवळची डबी उघडून त्याने डायल माझ्या हातात दिला.

"दाब."

मी दाबलं. काटा गेला, परत आला.

"अजून दोनदा."

दाबलं. तो माझ्याकडे बघत राहिला. "काय गं, काही म्हणत होतीस?"

"गोळी घेतलीस का, ते विचारत होते."

"घेतली," म्हणाला, आणि डबी मिटली.

परवा वहिनी तीच डबी मला द्यायला लागली, तेव्हा मात्र राहवलं नाही. घड्याळजी, तेल, मांजर, सगळं सांगून टाकलं. वहिनीने आतली मखमल उचलली. खाली घडी घातलेली घड्याळजीची पिवळट पावती होती, माझ्या नावाची: "काटा एक. तेल दिले."

डबी माझ्या हातात ठेवत ती म्हणाली, "वन्सं, लग्नाच्या आठवड्यातच दाखवली होती ह्यांनी मला. म्हणाले होते, ती स्वतः सांगेल त्या दिवशी तिघं मिळून पोटभर हसू, तोवर तू एकटी हसायचं नाहीस."