दार लावायचा सण

परवा अमरावतीत सणाच्या गोड पुऱ्या तळताना तुपाचा वास घरभर झाला आणि मला अकोल्याचं आमचं सरकारी क्वार्टर आठवलं. त्या ओळीत ज्यू घर आमचं एकटंच. योम किप्पुरला आम्ही दार लावायचा सण म्हणायचो. आदल्या संध्याकाळी पुऱ्या खाऊन उपास धरायचा, दारंखिडक्या बंद करायच्या, दुसऱ्या दिवशी दिवे लागेपर्यंत बाहेरच्या कुणाशी बोलायचं नाही. वर्षभराच्या चुकांची देवाकडे माफी मागायची.

मी दहा वर्षांची होते. दुपारी शेजारच्या सुनंदानं दार वाजवलं.

"रिबके, दार उघड ना! बाबाची बदली झाली, आमी चाललो तेल्हाऱ्याले. तुहा पेन मी नाई घेतला व. कावून बोलून नाई राहिली?"

आदल्या दिवशी मी तिला चोर म्हटलं होतं. पेन संध्याकाळी माझ्याच दप्तरात सापडला. उद्या सांगू म्हणत मी पुऱ्या खात बसले. उद्या दार बंद असणार, हे डोक्यातच आलं नाही.

आईनं ओठांवर बोट ठेवलं. थोड्या वेळानं सामानाचा ट्रक निघाल्याचा आवाज आला.

कित्येक वर्षं मी आईला दोष दिला. पण आई आत पाटावर बसली होती आणि कडीपर्यंत माझा हात पोचत होता.